राशिभविष्य नको, भविष्यकाळ शिका!



बहुतेक वर्तमानपत्रांत आठवड्याचे राशिभविष्य असते. आपल्या या पानावर ते कधी आले नाही आणि येणारही नाही. कोणत्या राशीला धनलाभ आणि कोणत्या राशीला प्रवासयोग, हे सांगण्याचा धंदा आपण केव्हाच सोडून दिला आहे. तरीही या आठवड्यात आम्ही भविष्याबद्दलच लिहिणार आहोत. हे भविष्य मात्र ग्रहताऱ्यांचे नाही, व्याकरणातले आहे. पाली क्रियापदाचा भविष्यकाळ कसा होतो, एवढाच आजचा विषय.

"व्याकरण? ते पोरांचं काम," असे म्हणून पान उलटू नका. हा विषय आमच्या डोक्यात एका आजीमुळे आला. व्याकरणाचे पुस्तक नंतर उघडले.

जळगावला आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासात रविवारी संध्याकाळी मुलांना पाली शिकवतो. चटई, एक फळा आणि दहा-बारा मुले, एवढाच थाट. दहावी-बारावीला पाली हा विषय घेता येतो, म्हणून काही मुले येतात. काहींना आई-बाप हाताला धरून आणतात. त्या दिवशी फळ्यावर भविष्यकाळाची रूपे लिहिली होती. नववीतला एक मुलगा रडकुंडीला आला होता. "सर, किती पाठ करायचं? एका क्रियापदाची सहा-सहा रूपं!"

तेवढ्यात त्याची आजी दाराशी आली. धुळे तालुक्यातल्या खेड्यातली बाई, लेकाकडे राहायला आलेली. तिने विचारले, "पोऱ्याले कव्हय सोडशात भाऊ? मी आठेच बठसू."

वर्गात दोघे-तिघे हसले. नातू खाली मान घालून पुटपुटला, "आजी, नीट बोल ना."

आम्ही खडू उचलला आणि आजीचे दोन शब्द फळ्यावर लिहिले, 'सोडशात' आणि 'बठसू'. मुलांना म्हटले, आजचा धडा आजीच्या तोंडी आहे, फक्त नीट बघा. त्या दिवशी जे सांगितले, तेच इथे सांगतो.

अर्धे तुम्हाला येतेच

आधी वर्तमानकाळ. रोजच्या वंदनेत आपण 'गच्छामि' म्हणतो, 'वन्दामि' म्हणतो, 'समादियामि' म्हणतो. तिन्ही शब्दांच्या शेवटी 'मि' आहे. हा 'मि' म्हणजे 'मी'. पालीत कर्ता क्रियापदाच्या शेवटी बसलेला असतो. अशी सहा शेपटे आहेत: मी – मि, आम्ही – म, तू – सि, तुम्ही – थ, तो किंवा ती – ति, ते किंवा त्या – न्ति.

आता आपल्या जवळचे एक क्रियापद घेऊ. पंचशील घेताना 'सिक्खापदं' हा शब्द पाच वेळा येतो. त्यातला 'सिक्ख' म्हणजे आपले 'शिक'. शिकणे या अर्थाचे पाली क्रियापद 'सिक्खति'. त्याचा वर्तमानकाळ असा:

सिक्खामि – मी शिकतो, शिकते
सिक्खाम – आम्ही शिकतो
सिक्खसि – तू शिकतोस, शिकतेस
सिक्खथ – तुम्ही शिकता
सिक्खति – तो शिकतो, ती शिकते
सिक्खन्ति – ते, त्या शिकतात

भविष्यकाळ करायला नवी शेपटे शिकावी लागत नाहीत. शेपटे तीच. फक्त धातू आणि शेपूट यांच्यामध्ये 'इस्स' घालायचे:

सिक्खिस्सामि – मी शिकेन
सिक्खिस्साम – आम्ही शिकू
सिक्खिस्ससि – तू शिकशील
सिक्खिस्सथ – तुम्ही शिकाल
सिक्खिस्सति – तो शिकेल, ती शिकेल
सिक्खिस्सन्ति – ते, त्या शिकतील

'मि' आणि 'म' यांच्या आधी आकार येतो, तेवढे लक्षात ठेवा. बाकी सरळ हिशेब आहे. पठति (वाचतो) – पठिस्सति. लिखति (लिहितो) – लिखिस्सति. वदति (बोलतो) – वदिस्सति. रक्खति (रक्षण करतो) – रक्खिस्सति. खादति – खादिस्सति. वसति – वसिस्सति. एक चावी घेतली की शेकडो कुलुपे उघडतात. रडकुंडीला आलेल्या मुलाला आम्ही हेच म्हटले, "सहा रूपं पाठ करू नकोस. सहा शेपटं तुला येतात. एक 'इस्स' लक्षात ठेव."

ज्या क्रियापदात 'ति'च्या आधी 'ए' असतो, तिथे 'इस्स'च्या जागी 'एस्स' येते. देसेति (उपदेश करतो) – देसेस्सति. पालेति (पाळतो) – पालेस्सति. काही क्रियापदे थोडी हट्टी आहेत. 'गच्छति'चे 'गच्छिस्सति' होते आणि 'गमिस्सति'ही होते. 'देति'चे 'दस्सति' होते. अशी रूपे वाचता वाचता अंगवळणी पडतात. सुरुवातीला त्यांची धास्ती घेऊ नये. नियमाने चालणारी क्रियापदे आधी पक्की करावीत.

सर्वनामांचेही भय नको. पालीत 'आम्ही'ला 'मयं' म्हणतात आणि 'अम्हे'सुद्धा म्हणतात. 'तुम्ही'ला 'तुम्हे'. अम्हे आणि आम्ही, तुम्हे आणि तुम्ही! शेजारच्या घरातली माणसे वाटावीत इतकी ओळखीची.

आजीचा 'स'

आता आजीकडे या. आपल्या खानदेशात, विशेषतः धुळ्याकडे, अहिराणीत भविष्यकाळ असा बोलतात:

मी शिकसू, आम्ही शिकसूत
तू शिकशी, तुम्ही शिकशात
तो किंवा ती शिकी, त्या शिकतीन

गावागणिक उच्चार थोडा इकडे-तिकडे होतो. पण 'मी' आणि 'आम्ही' यांच्या रूपांतला 'स' आणि 'तू-तुम्ही'मधला 'श' बघा. पालीत 'करिस्सामि', अहिराणीत 'करसू', गुजरातीत 'करीश'. गुजरातीतला हा भविष्यकाळाचा 'श' संस्कृतातल्या 'ष्य' आणि प्राकृतातल्या 'स्स' यांच्यापासून आला, असे भाषाशास्त्र सांगते. आपली 'करसू'ची रांग त्याच घराण्यातली.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगतो, कारण पुराव्यावाचून फुशारकी मारणे हे आपले काम नाही. एक, अहिराणी थेट पालीच्या पोटातून जन्मली असे आम्ही म्हणत नाही. दोघी एकाच मोठ्या कुळातल्या आहेत, एवढेच म्हणतो. दुसरे, अहिराणीतला प्रत्येक 'स' भविष्याचा नसतो. 'तो करस' म्हणजे तो करतो, हा वर्तमानकाळ. 'मी करस' आणि 'मी करसू' यांत फक्त एका 'ऊ'चे अंतर आहे, पण काळ बदलतो.

हा 'स' किती जुना असेल? सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात गिरनारच्या खडकावर लेख कोरले. तिथल्या चौथ्या लेखात धम्माचे आचरण आपण वाढवू आणि आपले पुत्र, नातू, पणतूही ते वाढवतील, असा आशय आहे. तिथे 'वढयिसति' असे भविष्यकाळी रूप आहे. त्या काळच्या ब्राह्मी लिपीत जोडाक्षर दुहेरी लिहीत नसत, म्हणून 'स्स'ऐवजी एकच 'स' कोरलेला आहे. आपल्या जळगावच्या स्टेशनावर उतरून देशोदेशीचे लोक अजिंठ्याला जातात. तिथल्या सर्वांत जुन्या लेण्यांतले लेखही प्राकृतातच आहेत. राजाने आणि लेणी कोरवणाऱ्यांनी दगडावर लिहायला लोकांची बोली निवडली. त्या बोलीच्या कुळातला शब्द आपली आजी दारात उभी राहून बोलते आणि आपण तिला "नीट बोल" म्हणतो!

प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे. परीक्षेला, नोकरीला, सभेत बोलायला ती लागते. इंग्रजीही लागते. त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरीची लाज वाटायचे कारण नाही. लाज ही शिकवलेली गोष्ट आहे. आपल्याला पिढ्यान् पिढ्या नावाची, कामाची, वस्तीची लाज शिकवली गेली. ती आपण टाकली. मग बोलीची लाज घरात का ठेवायची?

दुसऱ्यांच्या भाषेतला उद्या

आमच्या परिचयातली एक मुलगी पुण्यात स्पॅनिश शिकते. सुट्टीत घरी आली तेव्हा तिची वही आम्ही मुद्दाम पाहिली. स्पेनमध्ये, मेक्सिकोमध्ये आणि दक्षिण अमेरिकेच्या बहुतेक देशांत ही भाषा चालते. तिचाही नियमित भविष्यकाळ सोपा आहे. मूळ क्रियापद जसेच्या तसे ठेवायचे आणि पुढे शेपूट लावायचे. 'आब्लार' म्हणजे बोलणे. आब्लारे – मी बोलेन. आब्लारास – तू बोलशील. आब्लारा – तो, ती बोलेल. आब्लारेमोस – आम्ही बोलू. आब्लारेइस – तुम्ही बोलाल. आब्लारान – ते बोलतील. स्पॅनिश क्रियापदांचे तीन गट आहेत, पण भविष्यकाळाची शेपटे तिघांनाही तीच. 'कोमेर' म्हणजे जेवणे, त्याचे 'कोमेरे' – मी जेवेन.

गंमत पुढे आहे. ही शेपटे मुळात 'असणे, जवळ असणे' या अर्थाच्या एका क्रियापदाची आहेत. म्हणजे 'आब्लारे'चा मूळ अर्थ 'मला बोलायचे आहे' असा. स्पॅनिश माणसाचा भविष्यकाळ कर्तव्यातून निघाला. इंग्रजीतला 'विल' हा शब्द मुळात 'इच्छा असणे' या अर्थाचा होता. इंग्रजांचा भविष्यकाळ इच्छेतून निघाला. उद्याबद्दल बोलायचे तर माणसाला एक तर इच्छा लागते, नाही तर जबाबदारी. ग्रह यांपैकी कुठल्याच व्याकरणात नाहीत.

भविष्यकाळ कशासाठी?

मग पालीतला भविष्यकाळ कशाच्या कामाचा? नुसते 'उद्या पाऊस पडेल' एवढे सांगण्यापुरता? नाही.

आनापानसति सुत्तात श्वासावर लक्ष ठेवण्याच्या सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत. विपश्यनेसाठी इगतपुरीला जाऊन आलेल्यांना हे लवकर समजेल. पहिल्या दोन पायऱ्यांत श्वास लांब आहे की आखूड, एवढे फक्त जाणायचे असते. तिथे क्रियापद वर्तमानकाळात आहे, 'अस्ससामि', मी श्वास घेतो. तिसऱ्या पायरीपासून शिकणे सुरू होते आणि लगेच क्रियापद बदलते, 'अस्ससिस्सामि', मी श्वास घेईन. आणि त्याच्याबरोबर शब्द येतो 'सिक्खति', असे तो शिकतो. जे आहे ते जाणायला वर्तमानकाळ आणि स्वतःला घडवायला भविष्यकाळ!

भिक्षूंच्या पातिमोक्खात 'सेखिय' नावाचे पंचाहत्तर नियम आहेत. चीवर कसे नेसावे, गावात कसे जावे, भोजन कसे घ्यावे, असे हे रोजचे नियम. त्यांतही 'अमुक करू नये' अशी बाहेरून आलेली आज्ञा नाही. 'मी असे करीन, हे शिकायचे आहे', अशी त्यांची घडण आहे. भिक्षू स्वतःच्या तोंडाने 'इस्सामि' किंवा 'एस्सामि' म्हणतो. कोणी वरून हुकूम सोडत नाही, कोणी पोथीत बघून भाकीत करत नाही. शिकणारा स्वतःच निश्चय बोलतो.

आता १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आठवा. नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या क्रियापदांकडे लक्ष द्या. 'मानणार नाही', 'करणार नाही', 'पिणार नाही', 'पालन करीन'. भविष्यकाळ! उलट त्रिशरणातले 'गच्छामि' वर्तमानकाळात आहे. शरण जायचे ते आत्ता, या क्षणी. ते उद्यावर ढकलता येत नाही. आणि शरण गेल्यावर जगायचे कसे, ते पुढच्या सगळ्या दिवसांसाठी आहे, म्हणून तिथे भविष्यकाळ. आपल्या धम्मजीवनाला दोन्ही काळ लागतात.

आम्हाला काळजी वाटते ती इथे. वंदनेचा वर्तमानकाळ आपण मोठ्या आवाजात म्हणतो. प्रतिज्ञांचा भविष्यकाळ मात्र कित्येक घरांत भिंतीवरच्या तसबिरीत राहतो. 'दारू पिणार नाही' म्हटलेल्या हाताने संध्याकाळी पुन्हा ग्लास धरला जातो. पालीत म्हणायचे तर 'अहं सुरं न पिविस्सामि'. चारच शब्द. पण शेवटचा 'मि' बोलणाऱ्याला सोडत नाही. कोण पिणार नाही? मीच.

'होईल' आणि 'करीन'

घरात आपण भविष्यकाळ कसा वापरतो, तेही एकदा तपासा. "पोरीच्या शिक्षणाचं होईल काहीतरी." "बघू." "नशिबात असेल तर शिकेल." या वाक्यांना कर्ताच नाही. होईल, पण करील कोण? 'भविष्य' हा आपला शब्दही मुळात 'होणारे' या अर्थाचा, पालीतल्या 'भविस्सति'चा सख्खा भाऊ. 'भविस्सति' म्हणजे होईल. 'करिस्सामि' म्हणजे मी करीन. पहिला शब्द ऐकला की माणूस हात जोडून बसतो. दुसरा बोलला की त्याला उठावे लागते. राशिभविष्य म्हणजे सगळा 'भविस्सति'चा कारभार. प्रतिज्ञा म्हणजे 'करिस्सामि'.

आणखी एक गोष्ट आमच्या माता-भगिनींसाठी. वरची रूपे पुन्हा वाचा. 'सिक्खिस्सति' म्हणजे तो शिकेल आणि ती शिकेल. मुलगा असो की मुलगी, रूप एकच. मराठीतही तसेच आहे. 'शिकतो' आणि 'शिकते' असा वर्तमानकाळात फरक पडतो, पण 'शिकेल' दोघांना एकच. अहिराणीतही 'शिकी' दोघांना एकच. भविष्यकाळात मुलगा-मुलगी हा भेद व्याकरणाने ठेवलेला नाही. मग मुलाला क्लास लावायचा आणि मुलीला भांड्याला बसवायचे, हा भेद कोणी ठेवला? दहावीनंतर मुलीचे नाव शाळेतून काढण्याआधी आई-बापाने हे एक क्रियापद सहा रूपांत म्हणून बघावे.

बाबासाहेबांनी इतक्या व्यापातून वेळ काढून पालीचा शब्दकोश आणि व्याकरण यांवर काम केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ मध्ये त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली आणि बुद्धाचा विचार सोप्या मराठीत आणला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मान मिळाला, आनंद आहे. पण शिकणारे नसतील तर दर्जा कागदावर राहतो. पालीचा भविष्यकाळ सरकारच्या फायलीत नाही. तो आपल्या विहारातल्या चटईवर आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले होते, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. त्यावरून एक वाक्य घ्या. मराठीत: आम्ही लळिंगला जाऊ. अहिराणीत: आम्ही लळिंगले जासूत. पालीत: मयं लळिंगं गमिस्साम. घरात तिन्ही म्हणून बघा. मुलाने पाली म्हणावी, आजीने अहिराणी म्हणावी आणि आईने मराठी.

मग ही पाच वाक्ये पालीत करा: १) मी पुस्तक (पोत्थकं) वाचेन. २) तू खरे (सच्चं) बोलशील. ३) ती शिकेल. ४) तुम्ही शील (सीलं) पाळाल; इथे 'रक्खति' वापरा. ५) मुले (दारका) लिहितील.

उत्तरे: १) अहं पोत्थकं पठिस्सामि. २) त्वं सच्चं वदिस्ससि. ३) सा सिक्खिस्सति. ४) तुम्हे सीलं रक्खिस्सथ. ५) दारका लिखिस्सन्ति. उत्तरे आधी झाकून ठेवा, लबाडी नको!

त्या रविवारी वर्ग सुटेपर्यंत आजी आत येऊन भिंतीला टेकून बसली होती. आम्ही मुलांना विचारले, 'मी शिकेन' पालीत कसे? नातवाने उत्तर दिले, "सिक्खिस्सामि." मग आजीकडे बघून हळूच विचारले, "आजी, आपल्यात कसं म्हणतात?" आजी म्हणाली, "शिकसू." या वेळी कोणी हसले नाही. पुढच्या रविवारी ती नातवाच्या आधी येऊन बसली.

पुढच्या आठवड्यात भेटू. म्हणजे भेटूच, शेवटी कर्ता आम्हीच आहोत.

नमो बुद्धाय! जय भीम!